जिनला तीनशे

माझं नाव छिंगश्वेइ. अर्थ, नितळ पाणी.
आईबापांनी अर्धं काम करून ठेवलं होतं,
पानं तेवढी मला शोधायची होती.

कीलुंग बंदरात मी रात्रीचा पहारेकरी.
रात्र म्हणजे आठ तास, झाकणाचा एक स्टीलचा पेला,
चिमूटभर ऊलाँग आणि थर्मासचं पाणी, पाच वेळा.
पहिलं पाणी जागं करतं.
दुसरं-तिसरं सोबतीला बसतं.
चौथ्याच्या सुमाराला शेवटची क्रेन थांबते.
पाचवं नुसतंच कढत, बिनरंगी.
तेही मी सांडत नाही.

सव्वीस वर्षं हा चहा म्हाताऱ्या श्यावकडून घेतला.
सहाशे ग्रॅमचा जिन, जिनला तीनशे,
गुलाबी कागदाची पुडी, पुडीवर नाव नाही.
मीही विचारलं नाही.
मिठाला कोण नाव विचारतं?

मार्चमध्ये शटर खाली आलं.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

पहिल्या दुकानातल्या मुलीच्या हातात पांढरे मोजे.
चहा दोन हजार मीटरवरचा.
ती उंची सांगत होती, मी किंमत ऐकत होतो,
दोन्ही एकाच दमात चढत होत्या.
अंगठ्याएवढा कप. खोटं कशाला बोलू,
ढगाने गवताच्या कानात काही सांगावं, तसा होता.
पण ढग मांडीवर घेऊन
आठ तास बंदरावर बसता येत नाही.
"रोज पिण्यासारखं काही?"
"रोज?"
जणू मी रोज लग्न करायचं म्हणालो.

पुढच्या दुकानात डब्याला सील, सीलवर बक्षीस.
त्याच्या पुढे एक जण म्हणाला, घ्या, वुयीचा आहे,
जिभेवर खडक येईल.
खडक माझ्याकडे आहेत, म्हटलं. अख्खा बांध आहे.
समुद्रापलीकडचा आन्शीचा मात्र स्वस्त मिळाला,
हिरवागार, फुलांच्या वासाचा.
दुसऱ्या पाण्यातच
रिकाम्या काडेपेटीसारखा झाला.

जावई म्हणाला, टी-बॅग घ्या.
जावयाबद्दल मी बोलत नाही.

योउ बाईंच्या दुकानात शिरलो
तो छत्री निथळायला.
(कीलुंगला पाऊस नसला तर त्याची बातमी होते.)
बाई एका साहेबाला महागाचं काही तोलून देत होत्या
आणि मधूनमधून टवके उडालेल्या मगमधून
स्वतःचं काही पीत होत्या.
वास माझ्या आधी माझ्या नाकाने ओळखला.
करपायच्या एक क्षण अलीकडे थांबलेला तांदूळ.

"तुम्ही काय पिता?"
त्यांनी मग पदराआड करावा तसा काउंटरखाली नेला.
"हे? हे विकायचं नाही."

हे, म्हणजे मिंगच्येनच्या सपाट मळ्यांतलं,
यंत्राने सरसकट कापलेलं,
'चारही ऋतू वसंत' असं ऐटबाज नाव असलेल्या झाडाचं
देठ, मोडकं पान, चाळणीखालचं उरलंसुरलं,
बाई मागच्या खोलीत स्वतः भाजतात,
महागाचा चहा भाजून झाला की
उरलेल्या आचेवर.

आचेला हिशोबात किंमतच नव्हती.
म्हणून भाव सांगायला त्यांना वेळ लागला.
माझ्या बुटांकडे पाहिलं, रेनकोटकडे पाहिलं.
"साडेतीनशे."
मी छत्री उघडली. मिटली.
"बरं, तीनशे. पण अर्धाच जिन.
उरलेला माझा."

तेव्हापासून मी मनापासून चिंततो,
श्रीमंतांनी भरपूर चहा प्यावा.
पांढऱ्या मोज्यांना बरकत येवो,
बक्षिसं वाटली जावोत, सिलं फुटोत,
योउ बाईंची भट्टी रोज पेटो,
आणि रोज थोडी उशिरा विझो.

श्यावचा चहा हा नाही.
याला जळकट अंग जरा जास्त आहे,
तळाशी देठं उभी राहतात
ओहोटीतल्या खुंटांसारखी.

काल क्रेन थांबली, चौथं संपलं.
पाचवं ओतलं, सवयीने.
बॅटरी पेल्यात धरून पाहिलं.
रंग होता.